घरचा फोन इंटरनेटवर नेताना: जुन्नर आणि आंबेगाव

घरातला लँडलाइन फोन इंटरनेटवर नेणे म्हणजे फोनचे यंत्र बदलणे नव्हे, आवाजाची वाट बदलणे. टेबलावरचा जुना फोन तोच राहू शकतो, त्याची घंटा तशीच वाजू शकते आणि पुष्कळदा क्रमांकही तोच ठेवता येतो. बदलते ते भिंतीपलीकडचे सगळे. पूर्वी घरापासून एक्स्चेंजपर्यंत तांब्याच्या तारांची एक जोडी जात असे आणि ती फक्त त्या एका घराची असे. आता आवाजाचे आकडे होतात, त्या आकड्यांची छोटी पाकिटे होतात आणि ज्या काचेच्या तारेवरून घरात इंटरनेट येते तिच्यावरूनच ती बाहेर जातात. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत हा बदल आता नारायणगाव, मंचर, घोडेगाव, ओतूर, आळेफाटा यांसारख्या बाजारगावांपुरता राहिलेला नाही. तो मळ्यांपर्यंत पोचू लागला आहे.

या भागाचा फोनशी असलेला संबंध जुना आणि ठळक आहे. नारायणगावजवळच्या आर्वी येथे १९७१ साली भारताचे पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. विक्रम साराभाई यांच्या नावाने ते विक्रम भूकेंद्र म्हणून ओळखले गेले. त्याआधी परदेशी फोन लघुलहरींच्या रेडिओवरून जात. वातावरण बिघडले की आवाज विरत असे आणि एका वेळी मोजकेच लोक बोलू शकत. आर्वीच्या सुमारे ३० मीटर व्यासाच्या तबकडीने हिंदी महासागरावरच्या उपग्रहाशी संधान बांधले आणि परदेशाशी स्पष्ट बोलणे रोजच्या व्यवहारात आले. हे केंद्र ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस या सरकारी खात्याचे होते. १९८६ साली या खात्याची विदेश संचार निगम ही कंपनी झाली. देशाचे परदेशी बोलणे ज्या तालुक्याच्या आकाशातून जात होते, त्याच तालुक्यातल्या शेतकऱ्याला मुंबईच्या मुलाशी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून ताटकळत बसावे लागत असे. भारतात थेट डायल करण्याची सोय १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यात सुरू झाली होती, पण खेड्यांपर्यंत यायला तिला कित्येक वर्षे लागली.

खेड्यांत फोन खऱ्या अर्थाने पोचवला तो सी-डॉटने. १९८४ साली स्थापन झालेल्या या संस्थेने भारतीय हवामानाला टिकेल, वातानुकूलनाशिवाय चालेल असे लहान ग्रामीण एक्स्चेंज बनवले. मग पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. रात्री उशिरा दर उतरत म्हणून लोक त्या वेळेची वाट पाहत रांग लावत. पुढे घराघरांत जोडण्या आल्या. जुन्नर तालुक्याचा ०२१३२ आणि आंबेगावचा ०२१३३ हे संकेतांक पतपेढ्यांच्या, दवाखान्यांच्या, आडत्यांच्या पाट्यांवर रंगवले गेले. १ ऑक्टोबर २००० रोजी दूरसंचार खात्याच्या सेवा भारत संचार निगमकडे गेल्या. २००५-०६च्या सुमारास देशात तारेच्या जोडण्या सुमारे ५ कोटी होत्या. मोबाइलच्या लाटेत त्या २०२०पर्यंत सुमारे २ कोटींवर आल्या. त्यानंतर मात्र आकडा पुन्हा चढू लागला आणि २०२४पर्यंत ३ कोटींच्या पुढे गेला. ही वाढ तांब्याची नाही. घरात इंटरनेटसाठी फायबर घेतले की सोबत फोनही मिळतो, त्याची ही वाढ आहे.

तांब्याचा फोन का मागे पडला हे त्याच्या रचनेतच आहे. एक्स्चेंजमधल्या मोठ्या बॅटऱ्या तारेवर सुमारे ४८ व्होल्टचा दाब देतात. ग्राहकाने रिसीव्हर उचलला की मंडल पूर्ण होते, एक्स्चेंजला ते कळते आणि डायल टोन येतो. बोलताना आवाजाच्या चढउतारांप्रमाणे तारेतला प्रवाह बदलतो. या रचनेत एक मोठा गुण आहे. फोनला लागणारी वीज एक्स्चेंजमधून येते, त्यामुळे घरची लाइट गेली तरी फोन चालू राहतो. दोषही तितकेच उघड आहेत. तार जमिनीत असेल तर पावसात जोडांत पाणी शिरते आणि खरखर सुरू होते. खांबावर असेल तर वीज चमकते तेव्हा तिचा झटका तारेवाटे घरात येऊ शकतो. रस्ता रुंद करताना जेसीबीचा एक घाव शेकडो जोड्या तोडतो आणि प्रत्येक जोडी ओळखून पुन्हा जुळवायला लाइनमनला दिवस लागतात. पुणे-नाशिक महामार्गासारख्या रस्त्याच्या कडेने केबल गेलेली असेल तर हे संकट पुन्हा पुन्हा येते. शिवाय तांब्याला भंगारात भाव आहे, म्हणून ते चोरीला जाते.

मळ्यात राहणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. जुन्नर आणि आंबेगावच्या पूर्व भागात कुकडी आणि घोड नद्यांच्या कालव्यांमुळे बागायत वाढली आणि लोक गावठाण सोडून शेतावर राहू लागले. एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटर लांब मळ्यात तांब्याची जोडी नेली तर बोलणे कसेबसे होते, पण तिच्यावरून इंटरनेट नीट मिळत नाही, कारण तांब्यावर वेगवान संकेत अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतो. काचेच्या तंतूची ही मर्यादा नाही. घरगुती फायबरची सध्याची नेहमीची पद्धत २० किलोमीटरपर्यंत चालते. मंचर किंवा नारायणगावच्या केंद्रातून निघालेला एक तंतू मळ्याजवळच्या खांबावरच्या पेटीपर्यंत येतो. तिथे एक काचेचा विभाजक त्याचा प्रकाश ३२ किंवा ६४ घरांत वाटतो. प्रत्येक घरात भिंतीवर एक पांढरी पेटी बसते. ती प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करते. लोक तिला राउटर किंवा मोडेम म्हणतात. याच पेटीच्या मागे, इंटरनेटच्या खाचांशेजारी, एक लहान खाच असते. त्यात जुन्या फोनची तार बसते.

त्या खाचेत शिरलेल्या आवाजाचे पुढे काय होते ते जाणून घेण्यासारखे आहे, कारण या फोनचे गुणदोष तिथूनच निघतात. पेटी आवाजाची सेकंदाला ८,००० वेळा मोजणी करते आणि प्रत्येक मोजणी ८ बिटांत लिहिते. म्हणजे एका बाजूच्या बोलण्याला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. साधारण २० मिलिसेकंदांचा आवाज, म्हणजे १६० बाइट, एका पाकिटात भरला जातो. त्यावर पत्ता, क्रमांक आणि वेळ यांची ४० बाइटांची चिठ्ठी लागते. सेकंदाला अशी ५० पाकिटे निघतात. सगळे मिळून एका बोलण्याला प्रत्येक दिशेने ८० ते ९० किलोबिटांचा वेग पुरतो. घरातली सर्वांत स्वस्त फायबर जोडणी याच्या शेकडोपट असते. त्यामुळे फोन नीट ऐकू येत नसेल तर ‘प्लॅन मोठा घ्या’ हा सल्ला बहुधा चुकीचा असतो.

बोलणे बिघडते ते वेग कमी पडल्यामुळे नव्हे, पाकिटे वेळेवर न आल्यामुळे. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आवाज पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागले की दोघे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने चांगल्या संभाषणासाठी हीच मर्यादा सुचवलेली आहे. पाकिटे मागेपुढे आली तर ती क्रमाने लावण्यासाठी यंत्राला थोडे थांबावे लागते आणि फार उशिरा आलेली टाकून द्यावी लागतात. तेव्हाच शब्द तुटतात. घरातला कोणी मोठा व्हिडिओ वर चढवत असताना आजोबांचा फोन तुटू लागला तर दोष त्या गर्दीचा असतो. कंपनीच्या स्वतःच्या फोनसेवेत आवाजाच्या पाकिटांना वेगळी राखीव वाट आणि अग्रक्रम देता येतो. मोबाइलमधल्या अ‍ॅपवरून केलेल्या कॉलला घराबाहेर असा अग्रक्रम सहसा नसतो. इंटरनेटवरचा घरचा फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप कॉल यांच्या दर्जातला फरक इथून येतो. दुसरा फरक त्याहून महत्त्वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवरून बँकेच्या लँडलाइनला, तहसील कचेरीला किंवा आणीबाणीच्या ११२ला फोन लागत नाही. ज्याला सार्वजनिक क्रमांक आहे आणि ज्यावरून कोणताही क्रमांक फिरवता येतो, तोच घरच्या फोनची जागा घेऊ शकतो.

भारतात अशी सेवा उशिरा आली ती तंत्र नव्हते म्हणून नव्हे, परवानगी नव्हती म्हणून. १ एप्रिल २००२पासून इंटरनेटवरून बोलण्यास मर्यादित मोकळीक मिळाली. संगणकावरून संगणकाशी आणि संगणकावरून परदेशातल्या फोनशी बोलता येई, पण देशातल्या साध्या फोनवर इंटरनेटचा कॉल उतरवता येत नसे. त्याच काळात अमेरिकेतली मराठी कुटुंबे मात्र लहानशी पेटी घेऊन तिला घरचा फोन जोडत होती आणि तांब्याच्या जोडणीचे महिन्याचे बिल वाचवत होती. २००३ साली आलेल्या स्काइपने परदेशातून आईवडिलांशी बोलणे जवळपास फुकट केले. ही सेवा मे २०२५ मध्ये बंद झाली. भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१७ मध्ये शिफारस केली आणि २०१८ साली दूरसंचार खात्याने स्पष्ट केले की फोनसेवेचा परवाना असलेली कंपनी कोणत्याही इंटरनेट जोडणीवरून क्रमांकासह फोन देऊ शकते. त्याच वर्षी भारत संचार निगमने विंग्ज नावाची अ‍ॅपवरची सेवा आणली. जानेवारी २०१९ मध्ये निगमची भारत फायबर आली आणि ५ सप्टेंबर २०१९ रोजी जिओफायबर. दोन्हींत इंटरनेटबरोबर फोन होता.

परवान्याचा हा मुद्दा कागदी नाही. परदेशातून आलेला कॉल घरातल्या पेटीतून किंवा सिमच्या यंत्रातून देशातल्या क्रमांकावर उतरवून देण्याचा उद्योग हा गुन्हा आहे. ‘तुमच्या इंटरनेटवर एक डबा ठेवा, महिन्याला भाडे देतो’ असे कोणी सुचवले तर ते बेकायदा एक्स्चेंज असते आणि जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात पोलीस येतात. खेड्यातल्या भोळ्या माणसाला यात सहज गोवता येते, म्हणून हे स्पष्ट सांगणे गरजेचे आहे.

आता स्वस्ताईचे कारण. पूर्वी पुणे-दिल्ली बोलताना मधली संपूर्ण वाट त्या दोघांसाठी अडवून ठेवली जाई. म्हणून अंतर आणि मिनिटे मोजली जात. पाकिटांच्या पद्धतीत वाट कोणासाठी अडत नाही. दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन केला की त्या कंपनीला पैसे द्यावे लागत, तो खर्चही नियामकाने टप्प्याटप्प्याने काढून टाकला. लँडलाइन आणि मोबाइल यांच्यातल्या कॉलवरचे हे शुल्क १ मार्च २०१५पासून शून्य झाले. लगेच दोन महिन्यांनी, १ मे २०१५पासून, निगमने लँडलाइनवरून रात्री ९ ते सकाळी ७ बोलणे मोफत केले. मोबाइल-मोबाइलचे शुल्क १ जानेवारी २०२१ रोजी संपले. त्यामुळे आज फायबरच्या साध्या प्लॅनमध्येही देशभर बोलणे मोकळे असते आणि पैसे फक्त इंटरनेटचे द्यायचे असतात. जिओने सप्टेंबर २०२०पासून सर्वांत लहान प्लॅन महिना ३९९ रुपयांना दिला. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला की तो ४७१ रुपयांच्या आसपास जातो. जाहिरातीतला आकडा आणि बिलातला आकडा यांत हा फरक राहतो. पेटीची अनामत, बसवण्याचा खर्च आणि वर्षाचे पैसे एकदम भरण्याची अट यांचीही चौकशी आधी करावी. ज्या घरात इंटरनेट कोणालाच नको, फक्त फोन हवा, तिथे हा बदल स्वस्त पडेलच असे नाही. ज्या घरात मुले मोबाइलच्या रिचार्जवर इंटरनेट वापरतात तिथे तो बहुधा पडतो.

क्रमांकाचे काय होते, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे. वीस-पंचवीस वर्षांचा क्रमांक नातेवाइकांच्या वहीत असतो, लग्नपत्रिकांवर छापलेला असतो, दुकानाच्या पाटीवर असतो. भारतात क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०११च्या जानेवारीपासून देशभर आहे, पण ती मोबाइलला. लँडलाइनला नाही. म्हणजे निगमचा ‘२’ने सुरू होणारा क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही, तिथे नवा क्रमांक मिळतो. निगमच्याच तांब्यावरून निगमच्याच फायबरवर गेले तर जुना क्रमांक राखता येतो. ज्यांना क्रमांक जपायचा आहे त्यांनी आधी तांब्याचा फोन बंद करून मग फायबर मागणे ही मोठी चूक ठरते. एकदा सोडलेला क्रमांक परत मिळेल याची खात्री नसते. एकाच अर्जात बदल मागावा. फायबरवरच्या फोनलाही लँडलाइनचेच नियम लागू राहतात. १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी ० लावावा लागतो, तो इथेही लावावाच लागतो.

फायबरवरच्या फोनची सर्वांत मोठी उणीव विजेची आहे. काचेच्या तारेतून वीज वाहत नाही. घरातली पेटी घरच्या विजेवर चालते आणि लाइट गेली की फोन मुका होतो. ब्रिटनमध्ये तांब्याचे जाळे बंद करण्याची मुदत आधी डिसेंबर २०२५ होती. ती जानेवारी २०२७पर्यंत पुढे ढकलली गेली, कारण एकट्या राहणाऱ्या वृद्धांची संकटाच्या वेळी मदत मागणारी उपकरणे जुन्या फोनवर अवलंबून होती. तिथल्या नियामकाने अशा ग्राहकांना वीज गेल्यावर निदान तासभर आणीबाणीचा फोन करता यावा, असे बंधन कंपन्यांवर घातले आहे. इथे ही तजवीज घरच्यांनी स्वतःच करायची असते. मळ्यातली घरे अनेकदा शेतीच्या वाहिनीवर असतात आणि तिथली वीज गावठाणाइतकी सलग नसते. पेटीला साधारण १० वॅट लागतात. बाजारात मिळणारा राउटरचा छोटा यूपीएस सुमारे ३० वॅट-तास साठवतो, म्हणजे त्यावर जेमतेम अडीच तास निघतात. १२ व्होल्ट, ७ अँपियर-तासाची साधी बॅटरी ८४ वॅट-तासांची असते, ती सहा-सात तास साथ देते. घरात इन्व्हर्टर असेल तर पेटीचा प्लग त्याच्या वाहिनीवर आहे ना, एवढेच पाहावे लागते. पुष्कळ घरांत टीव्ही आणि पंखा इन्व्हर्टरवर असतो आणि राउटर मात्र साध्या खाचेत.

घरची बॅटरी असूनही फोन बंद पडू शकतो, आणि त्याचे कारण खांबावर असते. वर सांगितलेल्या पद्धतीत केंद्र आणि घर यांच्यामध्ये विजेवर चालणारे काहीच नसते, विभाजक ही नुसती काच आहे. केंद्रात बॅटरी आणि जनरेटर असला की वाट चालू राहते. काही केबलचालक मात्र खर्च वाचवण्यासाठी मधल्या खांबावर किंवा एखाद्या दुकानात विजेचा स्विच बसवून तिथून पुढे तार नेतात. त्या दुकानाची लाइट गेली की पलीकडची सगळी वस्ती बंद. गावोगावी निगमची फायबर जोडणी स्थानिक भागीदारामार्फत, पुष्कळदा जुन्या केबलवाल्यामार्फतच मिळते. म्हणून जोडणी घेताना एक प्रश्न जरूर विचारावा: केंद्रापासून घरापर्यंत मध्ये विजेवर चालणारे काही आहे का? वेगापेक्षा हा प्रश्न मोलाचा आहे.

या भागात ही काळजी जास्तच हवी. उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे. जुन्नरजवळ माणिकडोह येथे वनविभागाचे बिबट्या निवारा केंद्र आहे ते त्यामुळेच. रात्री अंगणात बिबट्या आला आणि त्याच वेळी लाइट नसेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकाला किंवा ११२ला फोन लागणे हा जिवाचा प्रश्न असतो. पश्चिमेकडे, भीमाशंकर, नाणेघाट, माळशेजच्या बाजूला, पावसाळ्यात दिवसचे दिवस वीज नसते. मोबाइलचा संकेत डोंगराच्या सावलीत अडतो आणि टॉवरची बॅटरीही संपते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. १५१ माणसे गेली. बाहेर खबर गेली ती वाटेवरून जाणाऱ्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही म्हणून. अशा खोऱ्यांत एकाच वाटेवर विसंबू नये. फायबरचा फोन आणि मोबाइल या दोन्ही वाटा ठेवाव्यात, आणि त्या एकाच विजेच्या खाचेवर नसाव्यात.

११२च्या बाबतीत आणखी एक गोष्ट. तांब्याची जोडी एकाच घराला जात असे, म्हणून क्रमांक म्हणजेच पत्ता होता. इंटरनेटच्या फोनला पत्ता असतो तो अर्जात लिहिलेला. घर बदलले किंवा मळ्यातली जोडणी गावातल्या पत्त्यावर घेतली, तर मदत भलत्याच दारात जाऊ शकते. अर्जात वस्तीचे किंवा मळ्याचे नाव लिहून घ्यावे. जिओच्या अ‍ॅपमधून घरच्या वायफायवर असताना मोबाइलवरूनच लँडलाइनचा क्रमांक वापरता येतो. ती सोय चांगली आहे, पण घरात फक्त म्हातारी माणसे असतील तर टेबलावर खरा फोन असलाच पाहिजे.

जुन्नर तालुक्यात फायबरच्या बाजूने एक कारण असे आहे जे इतरत्र नाही. नारायणगावच्या पूर्वेला खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, ही जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ती उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ खोडदजवळ एकत्र आहेत, उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात. रेडिओ लहरींच्या दृष्टीने हा प्रदेश शांत होता, डोंगरांचा आडोसा होता, म्हणून ही जागा निवडली गेली. आकाशगंगांकडून येणाऱ्या लहरी अतिशय क्षीण असतात. जवळचा टॉवर, बेकायदा लावलेला मोबाइल बूस्टर, टीव्हीचा बूस्टर, विजेच्या तारेवर उडणाऱ्या ठिणग्या, यांतले काहीही त्यांना बुडवू शकते. दुर्बिणीचे सध्याचे चार पट्टे सुमारे १२५ ते १४५० मेगाहर्ट्झ यांच्या दरम्यान पसरलेले आहेत. मोबाइलचा ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा थेट त्यांतल्या एकात येतो. ९०० मेगाहर्ट्झचा पट्टा दोन पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडतो, पण जोरदार संकेत शेजारून आला तरी संवेदनशील ग्राहकयंत्र भांबावते. म्हणून या परिसरात टॉवर आणि उद्योग यांना परवानगी देताना दुर्बिणीचा विचार करावा लागतो आणि काही ठिकाणी मोबाइलचा संकेत कमजोर राहतो. त्यावर उपाय म्हणून घरावर बूस्टर लावणे बेकायदा तर आहेच, विज्ञानाचेही नुकसान करणारे आहे.

काचेच्या तंतूतला प्रकाश बाहेर रेडिओ लहरी सोडत नाही. दुर्बिणीच्या तबकड्या १९९०च्या दशकापासून खोडदच्या नियंत्रण कक्षाशी फायबरनेच जोडलेल्या आहेत. या शिवारात घरांना फायबर मिळण्याच्या कितीतरी आधी ते दुर्बिणीसाठी जमिनीत गेले होते. संकेत कमजोर असलेल्या गावांना टॉवर वाढवण्याऐवजी फायबर देणे हा दोन्ही बाजूंचे भले करणारा मार्ग आहे. मोबाइल घरच्या वायफायवरून बोलू शकतो, ही सोय एअरटेलने डिसेंबर २०१९मध्ये आणि जिओने जानेवारी २०२०मध्ये सुरू केली. वायफाय २४०० मेगाहर्ट्झच्या आसपास किंवा त्याहून वर चालते, म्हणजे दुर्बिणीच्या पट्ट्यांच्या बाहेर. हवेतून इंटरनेट देणारी एअरफायबरसारखी सेवा मात्र टॉवरवरच अवलंबून असते, त्यामुळे या भागात तिच्यापेक्षा तारेची जोडणी श्रेयस्कर.

सरकारी भारतनेट योजनेने ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याचे काम हाती घेतले. २०११ साली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे म्हणून तिला मंजुरी मिळाली आणि पुढे तिचे नाव बदलले. पंचायतीपासून घरापर्यंतची शेवटची तार हे वेगळे काम आहे, आणि पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी वाड्यांत तेच अडते. दहा घरांच्या वाडीसाठी चार किलोमीटर खांब रोवणे केबलचालकाला परवडत नाही. इथे ग्रामसभेने ठराव करून एकत्र मागणी केली तर तिला वजन येते.

बसवताना काही गोष्टी नजरेखाली घालाव्यात. जुन्या वाड्यांत ओसरी, माडी, स्वयंपाकघर अशी फोनची अंतर्गत तार फिरलेली असते. ती वापरता येते, पण पेटीची खाच तिला जोडण्याआधी बाहेरून येणारी तांब्याची जोडी तोडलीच पाहिजे. नाहीतर दोन बाजूंचे दाब एकत्र येऊन पेटी जळते. चकती फिरवायचे जुने फोन बहुतेक पेट्यांवर घंटा वाजवतात, पण त्यावरून क्रमांक फिरत नाही, म्हणून बटणांचा फोन घ्यावा. फॅक्सचा भरवसा नसतो. खांबावरून येणारी फायबरची तार रस्त्यावर खाली लोंबू देऊ नये. विघ्नहर आणि भीमाशंकर साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या उसाच्या उंच गाड्या गळिताच्या हंगामात अशा तारा ओढून नेतात. काचेचा तंतू गाठ मारून जुळत नाही, त्याचे टोक यंत्राने वितळवून जोडावे लागते, आणि ते यंत्र बहुधा बाजारगावातच असते. कोपऱ्यात तार काटकोनात वाकवली तर प्रकाश निसटतो आणि सेवा मधूनमधून बंद पडते.

नवा फोन लागल्याबरोबर जुना बंद करू नये. आधी मुख्य बटण बंद करून, घरची लाइट नाही अशा स्थितीत फोन किती वेळ चालतो ते पाहावे. घरातल्या वृद्धांना त्यावरून स्वतः फोन लावायला सांगावे. शक्य असेल तर एक पावसाळा दोन्ही ठेवावेत. क्रमांक तोच राखून निगमच्याच फायबरवर गेल्यास जुनी जोडणी त्या बदलातच संपते, म्हणून तिथे ही चाचणी पहिल्या आठवड्यातच करावी आणि दोष लगेच लेखी कळवावा. कंपनी बदलली असेल तर जुनी जोडणी बंद करण्याचा अर्ज एक्स्चेंजच्या कचेरीत लेखी द्यावा, पोच घ्यावी, सगळी बिले चुकती करावीत आणि पहिल्या जोडणीच्या वेळी भरलेली अनामत रक्कम परत मागावी. ती ग्राहकाची असते.